हसू नेमकं कुठे फुटलं? गुन्हेगारीपट, प्रेक्षकांची मतं आणि रायगडचा किनारा

पेट झाली, इंटरव्ह्यू झाला, आता आरआरसीसमोर आराखडा ठेवायचाय, आणि विषय सुचत नाहीये. अशा वेळी बरेच जण 'अमुक चित्रपटाबद्दल प्रेक्षकांची मतं' या विषयाकडे वळतात. वाटतं, सोपं आहे. चित्रपट आपण पाहिलेला असतोच, प्रेक्षक गल्लोगल्ली आहेत, प्रश्नावली केली की झालं. मग गाइड एकच प्रश्न विचारतात आणि आराखडा घरी परत येतो: "मत कशाबद्दलचं?"

प्रश्न खवचट नाही, खरा आहे. माझं काम रायगडच्या किनाऱ्यावर आहे: तस्करी, तिच्यावरचे चित्रपट, आणि ते पाहिलेल्या लोकांच्या आठवणी. त्या कामात या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय. त्यामुळे आज त्याच्यावरच लिहितो. 'प्रेक्षकांचं मत' हे इतिहासाचं साधन म्हणून कसं वापरायचं, आणि विशेषतः ज्या गुन्हेगारीपटात लोक हसतात, तिथे ते हसू कसं वाचायचं. गुन्हेगारीपटात हसू येणं हा मोठा चमत्कारिक प्रकार आहे. पडद्यावर माणूस मरतोय आणि शेजारच्या खुर्चीतला खिदळतोय. त्याला निर्दयी म्हणून मोकळं होता येतं, पण संशोधकाने तसं मोकळं होऊ नये.

सुरुवात जरा लांबून, लंडनहून करू. 1998 च्या ऑगस्टमध्ये तिथे गाय रिची या दिग्दर्शकाचा 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स' आला. चार मित्र पत्त्यांच्या डावात फसवले जातात, डोक्यावर पाच लाख पौंडांचं कर्ज येतं. पलीकडच्या घरातले गुंड दरोड्याचा बेत आखत असतात, तो यांच्या कानावर पडतो आणि हे त्या गुंडांनाच लुटायचं ठरवतात. दोन जुन्या बंदुका हातोहाती फिरतात, माणसं पटापट मरतात आणि प्रेक्षक हसत राहतो. आता ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटली असेल, तर तुम्ही 'फिर हेरा फेरी' पाहिलाय. नीरज व्होरांनी 2006 मध्ये याच कथानकावरून, श्रेय न देता, तो चित्रपट बेतला. पुलावर लटकलेला राजू, तोंडात मोबाईल आणि हातात जुन्या बंदुका, हा शेवटसुद्धा तिकडचाच.

आपल्या कामाचं आहे ते बदललेलं काय, हे. लंडनच्या गोष्टीत पैसे जातात ते पत्त्यांच्या डावात. इथे जातात ते पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेत. पटकथाकाराने हा बदल का केला असेल? मला वाटतं, त्याच्या डोळ्यांसमोर प्रेक्षक होता. 'दामदुप्पट' म्हणत आलेल्या कंपन्यांनी आपल्याकडे गावंच्या गावं पोळली आहेत. तिथे बसलेल्या प्रेक्षकाला बाबूराव आपटे आधी ओळखीचा वाटतो आणि मग हास्यास्पद. म्हणजे प्रेक्षकाचं मत चित्रपट संपल्यावर तयार होतं असं नाही. चित्रपट लिहितानाच कुणीतरी ते गृहीत धरलेलं असतं, आणि मूळ कृती व तिची नक्कल शेजारी ठेवली की ते गृहीतक उघडं पडतं. हे करायला प्रश्नावली लागत नाही, दोन चित्रपट आणि एक वही पुरते.

त्याच 1998 मध्ये, लंडनच्या जेमतेम दोन महिने आधी, 3 जुलैला आपल्याकडे 'सत्या' लागला. राम गोपाल वर्मांचा चित्रपट, लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचं. त्यातही लोक हसले, अजून हसतात. पण माझ्यासाठी त्यातली कळीची गोष्ट एक आडनाव आहे: भिकू म्हात्रे. उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात तुम्ही वावरला असाल तर म्हात्रे आडनाव काय हे सांगायला नको. शाळेच्या हजेरीपटावर एका वर्गात सात-आठ निघतील. हिंदी चित्रपटात 'मुंबईचा गुंड' म्हणून आलेल्या पात्राला हे आडनाव मिळतं, ते पात्र लाडकं होतं, मनोज बाजपेयींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. मग पेणच्या म्हात्रे घरातल्या मुलाने तो चित्रपट पाहिला तेव्हा त्याला काय वाटलं असेल? अभिमान, चीड, की मित्रांनी पुढची दहा वर्षं चिडवलं म्हणून कंटाळा? अंधेरीच्या मल्टिप्लेक्समधल्या परीक्षणात हा प्रश्न येणारच नाही. समीक्षकाचं मत आणि किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाचं मत यांत फरक असतो तो अशा जागी. एक जाणकार आणि दुसरा अडाणी, अशी ती विभागणी नाही.

अर्थात ही विभागणी फार जुनी आहे. 1927-28 मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. तिने देशभर फिरून 353 जणांच्या साक्षी नोंदवल्या. दादासाहेब फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. या साक्षींचे छापील खंड उपलब्ध आहेत, आणि चित्रपटाच्या इतिहासावर काम करणार असाल तर ते चाळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पण चाळताना लक्षात ठेवा, की तिथे बोलणारे बहुतेक जण अधिकारी, वकील, संपादक, शिक्षक, चित्रपट व्यावसायिक आहेत. चार आण्यांच्या जागेवर बसणाऱ्या माणसावर चित्रपटाचा काय परिणाम होतो, हे ते छातीठोकपणे सांगतात. तो माणूस स्वतः फारसा बोलत नाही. पुढे कधी 'प्रेक्षकांची मतं' असं शीर्षक दिसलं, की आधी बघायचं: बोलतंय कोण, आणि कुणाच्या वतीने?

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. 16 फेब्रुवारी 1990 ला मुकुल आनंद यांचा 'अग्निपथ' लागला. नायकाचं गाव मांडवा. गेटवेहून लाँच सुटली की जिथे लागते तेच अलिबाग तालुक्यातलं मांडवा. गोष्टीत गावातल्या मास्तरांना खोट्या आरोपात अडकवलं जातं, चिथावलेले गावकरीच त्यांचा जीव घेतात आणि गाव कांचा चीनाच्या धंद्याचा अड्डा बनतं. म्हणजे हिंदी चित्रपटाच्या नकाशावर मांडवा ठळक झालं ते 'गुंडाच्या ताब्यातलं बेट' म्हणून. मांडवा बेट नाही, हे पडद्याला कुणी सांगायचं! 2012 च्या नव्या 'अग्निपथ'साठी तर मांडवा दीवला जाऊन उभारलं गेलं.

या चित्रपटावर प्रेक्षकांनी दिलेलं सर्वात ठोस मत मात्र कथेबद्दल नव्हतंच. अमिताभ बच्चन यांनी विजय चव्हाणसाठी घोगरा, खर्जातला आवाज लावला होता. बऱ्याच प्रेक्षकांना तो कळेना. थिएटरची साउंड सिस्टीम बिघडली आहे असा समज झाला, तक्रारी गेल्या, आणि शेवटी नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग केलेल्या प्रती चालवल्या गेल्या. चित्रपट तिकीटबारीवर अपेक्षेइतका चालला नाही. त्याच भूमिकेसाठी अमिताभना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आज तोच आवाज लोक नकला करकरून ऐकवतात.

यातून संशोधकाने काय घ्यायचं? कुणी तुम्हाला म्हणालं, "अग्निपथ मी 1990 मध्ये पाहिला, काय आवाज होता साहेबांचा!" तर वहीत लगेच 'सकारात्मक' असं लिहू नका. त्याने पाहिलेली प्रत कुठली होती? पहिल्या आठवड्यातली की नंतरची? की त्याने चित्रपट पाहिलाच पुढे टीव्हीवर, आणि आठवण मात्र टॉकीजची सांगतोय? तो खोटं बोलत नसतो. आठवण अशीच असते, नंतरचं आधीच्यावर चढतं. ॲनेट कून या ब्रिटिश अभ्यासिकेने 1930 च्या दशकात चित्रपट पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी 1990 च्या दशकात बोलून मोठं काम केलं. 2002 मध्ये ते पुस्तकरूपात आलं. तिला आढळलं, की लोकांना चित्रपटांच्या कथा फारशा आठवत नव्हत्या. आठवत होती ती चालत गेलेली वाट, बरोबरची माणसं, थिएटरची गर्दी. कोकणात हे शंभर टक्के लागू पडतं. कुठल्या एसटीने गेलो, परतीची गाडी चुकली, जत्रेतल्या तंबूत कापडावर चित्र हलत होतं, व्हिडिओवाल्याने माणशी किती घेतले, हे आधी येतं. धीर धरा, मत त्याच्यामागून येतं.

पण या किनाऱ्यावर आठवणीवर चढलेला सगळ्यात जड थर 1993 चा आहे.

'अग्निपथ'नंतर तीन वर्षांनी, त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, खरा माल उतरला. जानेवारी 1993 मध्ये दिघीला, आणि फेब्रुवारीत शेखाडीला दोनदा. शस्त्रं आणि आरडीएक्स. 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले, 257 माणसं मेली. पुढे चाललेल्या खटल्यात जे बाहेर आलं, त्यातला एक प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचावा लागला. दिघीहून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. सौदा ठरला. पण ठरलेली रोकड जवळ नव्हती. मग तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेण्यात आल्या, आणि गाड्या पुढे गेल्या.

हा प्रसंग गाय रिचीच्या चित्रपटात असता तर थिएटर हसलं असतं. अडवणारे पोलीस, चांदीचं तारण, उधारीवरची लाच! काळ्या विनोदाला लागतं ते सगळं यात आहे. फक्त मागे गाड्यांमध्ये काय आहे हे आपल्याला माहीत आहे. इथेच हसू अडतं. विनोदाच्या सिद्धांतांवर मी बरंच वाचलंय, पण 'काळा विनोद म्हणजे काय' हे मला समजलं ते या परिच्छेदाशी. प्रेक्षक हसतो की नाही हे प्रसंगावर ठरत नाही. पुढे काय होणार हे त्याला किती माहीत आहे आणि ते त्याच्यापासून किती लांब घडलंय, यावर ठरतं. म्हणून मत नोंदवताना तारखेइतकीच जागा महत्त्वाची.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकाला सांगावी लागते, किनाऱ्यावरच्याला नाही. 1963 पासून सोने नियंत्रणाचे नियम होते, 1968 मध्ये कायदा झाला, तो 1990 मध्ये रद्द झाला. त्या सगळ्या काळात दुबईकडून येणारं सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर हा पश्चिम किनाऱ्यावरचा माहीत असलेला व्यवहार होता. कायद्याने गुन्हा, पण लोकांच्या नजरेत खुनाच्या पंगतीतला नाही. तस्करांना आत टाकण्यासाठी कोफेपोसा कायदा आला तो डिसेंबर 1974 मध्ये, आणि महिन्याभरात, जानेवारी 1975 ला, 'दीवार' लागला. खरे तस्कर तुरुंगात असताना पडद्यावरच्या तस्करावर प्रेक्षकांनी जीव टाकला. 1993 नंतर तोच जीव टाकणं जड झालं, कारण सोन्याची वाट आणि आरडीएक्सची वाट एकच निघाली. 'दीवार'बद्दल 1975 मधलं मत आणि आज सांगितलेलं मत एकाच रकान्यात भरलंत, तर हा सगळा इतिहास त्या रकान्यात गडप होतो.

आता 'ब्लॅक फ्रायडे'. हुसैन झैदी यांच्या पुस्तकावरून अनुराग कश्यपने केलेला हा चित्रपट 2004 मध्ये तयार होता. जानेवारी 2005 मध्ये प्रदर्शनाच्या तोंडावर आरोपींनी न्यायालयात धाव घेतली. टाडा न्यायालयात खटला सुरू आहे, चित्रपट लागला तर लोकांचं मत आमच्याविरुद्ध आधीच बनेल, असं त्यांचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल लागेपर्यंत प्रदर्शन थांबवलं. सप्टेंबर 2006 पासून न्यायाधीश प्रमोद कोदे यांनी निकाल सुनावायला सुरुवात केली. 123 पैकी 100 जण दोषी ठरले, त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते आणि श्रीवर्धनचे पोलीसही. चित्रपट 9 फेब्रुवारी 2007 ला लागला.

तुमच्या आराखड्याला 'या विषयाचं महत्त्व काय' असा शेरा आला, तर हे प्रकरण सांगा. प्रेक्षकाचं मत ही माणसाच्या शिक्षेशी जोडलेली गोष्ट आहे, असं इथे एका उच्च न्यायालयाने मानलं. चित्रपट दोन वर्षं डब्यात राहिला तो प्रेक्षक काय मत बनवील या भीतीपोटी. मला तो निर्णय बरोबर वाटतो का? खटला चालू असलेल्या माणसाच्या बाजूने विचार केला, तर हो. 23 जण निर्दोष सुटले, हे विसरून चालत नाही. दिग्दर्शकाच्या बाजूने विचार केला की उत्तर डळमळतं, कारण तेच पुस्तक 2002 पासून दुकानात मिळत होतं. वाचकाचं मत चालतं आणि प्रेक्षकाचं चालत नाही, यात 1927 च्या समितीची सावली दिसते: पुस्तक वाचणारा सुज्ञ, चित्रपट बघणारा भोळा.

याच 'ब्लॅक फ्रायडे'त एक लांबलचक पाठलाग आहे. पोलीस इम्तियाज घवटेच्या मागे झोपडपट्टीतून धावतायत. धावून धावून दोन्ही बाजू दमतात. थांबतात, धापा टाकतात, पुन्हा पळतात. लोक हमखास हसतात. स्फोटांवरच्या चित्रपटात हा हसू आणणारा तुकडा इतका जमलाय की डॅनी बॉयल या ब्रिटिश दिग्दर्शकाने 'स्लमडॉग मिलियनेअर' (2008) करताना त्याचा प्रभाव मान्य केला. बॉयलचा स्वतःचा पहिला चित्रपट, 'शॅलो ग्रेव्ह' (1994), हासुद्धा काळ्या विनोदाचाच गुन्हेगारीपट होता. म्हणजे लंडनची गोष्ट 'फिर हेरा फेरी'त आली आणि मुंबईचा पाठलाग ब्रिटिश माणसाने उचलला. देवाणघेवाण दोन्हीकडून आहे. 'तिकडचं बघून इकडे' हे आपलं आवडतं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी हे आठवा.

पण हे हसू मुंबईच्या गल्लीत येतं. शेखाडीच्या किनाऱ्यावर काय येतं? तिथे ज्यांच्या नावाने पोलीस आले, ज्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं तारखांना मुंबईत गेले, ज्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता पण गावाचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा, त्यांनी हा चित्रपट पाहिला असेल तर त्यांचं मत 'आवडला / नाही आवडला' यात बसणार नाही. आणि काहींनी तो मुद्दाम पाहिलेलाच नसेल. न पाहणं हेही मतच आहे. प्रश्नावलीत त्याला जागा ठेवा.

आता कामाच्या चार गोष्टी, सुटसुटीत नाहीत पण उपयोगी पडतील. अभिलेखागारात शोधताना 'रायगड' एवढ्यावर थांबू नका. 1 जानेवारी 1981 पूर्वी जिल्ह्याचं नाव 'कुलाबा' होतं, आणि मुंबईतल्या कुलाब्याची कागदपत्रं मध्येच येऊन छळतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात कात्रणं, पुस्तिका, पोस्टर मिळतील. ती निर्मात्याची आणि समीक्षकाची बाजू सांगतात. स्थानिक बाजूसाठी अलिबागच्या 'कृषीवल'सारख्या दैनिकाचे जुने अंक आणि त्यातल्या टॉकीजच्या जाहिराती बघा: चित्रपट मुंबईत लागल्यावर किती महिन्यांनी इथे आला, किती दिवस टिकला. करमणूक कराच्या नोंदी हाती लागल्या तर गर्दी कळते, पण गर्दी म्हणजे पसंती नव्हे. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा टॉकीजला बसणारा माणूस चित्रपटासाठीच बसलाय असं नाही.

खटल्याचं निकालपत्र वाचायला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाचा 21 मार्च 2013 चा निकाल प्रचंड मोठा आहे, पण त्यात रस्ते, फाटे, जेट्ट्या, रात्रीच्या वेळा सगळं येतं. फक्त एक पथ्य: तो साक्षीपुराव्यांतून सिद्ध झालेला वृत्तांत आहे, गावाची आठवण नाही. आणि चित्रपट या दोन्हींपेक्षा वेगळा तिसरा. तिघांना एकमेकांची टाचणी लावून 'सत्य' शोधायला निघालात तर प्रबंध पोलिसी तपास होईल. आपल्याला गुन्हेगार पकडायचे नाहीत, ते काम झालंय.

मुलाखतीला जाल तेव्हा गावाचं नाव लिहायचं की नाही हे आधी ठरवा, माणसाचं तर नकोच. श्रीवर्धनसारख्या ठिकाणी 'साठीतला मच्छीमार, दोन भाऊ, जेट्टीजवळ घर' एवढं लिहिलं की नाव न लिहिताही नाव कळतं. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं कुठल्याही कार्यशाळेत सांगितलं तरी मानू नका. आणि 'चित्रपट आवडला का?' हा प्रश्न पहिला ठेवू नका. कोणाबरोबर गेला होतात, कुठल्या गाडीने, तेव्हा घरी काय चाललं होतं, इथून सुरू करा. कुठे हसलात, हे मध्ये विचारा. आणि शेजारचा हसला पण तुम्ही हसला नाहीत अशी जागा कुठली, हे शेवटी विचारा. त्यानंतर थोडा वेळ कोणी बोललं नाही, तर रेकॉर्डर चालू ठेवायचा की बंद करायचा हे त्यांना विचारून ठरवा.